चांदीची तिसरी पट्टी

निरोप घोड्यावरून जायचे त्या काळी, डोंगराआडच्या एका राज्यात एक जासूद होता. त्याची घोडी वाऱ्याशी पैज लावणारी. त्या राज्यात एक रीत होती. मोठी कामगिरी केली की राजा चांदीची पट्टी द्यायचा आणि ती घोड्याच्या तोंडावर, कपाळापासून खाली, एकीखाली एक बांधायची. जासुदाला तिसरी पट्टी मिळाली आणि स्वारीचे पाय जमिनीवर राहिनात.

म्हातारा मोतद्दार घोडीचा खरारा करत होता. तो म्हणाला, "जासूदराव, तिसरी पट्टी काढा. नाकपुड्यांवर येतेय."

"येऊ दे की! तोंड आहे ना मोकळं?"

"घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, राव. त्याचा घसाच तसा घडलाय. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडतो. त्याचं नाक मिटलं की सगळंच मिटलं. पळताना दर झेपेला एक श्वास लागतो त्याला. नाकपुड्या फुलतात त्या काय डौलासाठी?"

"मानाची पट्टी काढायची म्हणजे राजाचा अपमान," जासूद म्हणाला आणि विषय संपला.

चार दिवसांनी सकाळीच बातमी आली: डोंगरावरच्या तळ्याचा बांध खचतोय. घाटापलीकडचं गाव दुपारच्या आत हलवायला हवं होतं. जासुदाने घोडी पिटाळली.

सपाटीवर ती कशीबशी पळाली. घाट लागला तशी मंदावली. जासुदाला वाटलं, माजलीय. त्याने चाबूक ओढला. ती बिचारी तरीही चढत राहिली आणि अर्ध्या घाटात गुडघ्यांवर कोसळली. तोंड उघडं होतं, फेस गळत होता, पण हवा काही आत जाईना. पट्टीखाली नाकपुड्या फुलायला धडपडत होत्या. तेव्हा कुठे जासुदाला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. त्याने पट्टीचे बंद कापले. घोडीने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. तिच्या फासळ्या लोहाराच्या भात्यासारख्या हलू लागल्या. जीव वाचला, पण उठायचं बळ तिच्यात नव्हतं.

उरलेला घाट जासूद पायी धावला. त्याच्या ओरडण्याने वरची आळी टेकडीवर चढली. खालच्या आळीपर्यंत तो पोहोचण्याआधी पाणी पोहोचलं. तीन माणसं गेली.

राजाला वाटलं, एवढं गाव वाचवलं! त्याने दरबारात चौथी पट्टी पुढे केली. जासुदाने ती घेतली, तोंड घट्ट मिटलं आणि पट्टी स्वतःच्या नाकपुड्यांवर दाबून धरली. सगळे बघत राहिले. त्याचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले, अखेर हात आपोआप सुटला.

"एवढाच वेळ सोसलं मला, महाराज," तो धापा टाकत म्हणाला. "ती अर्धा घाट चढली. उशीर तिच्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला. ती तीन माणसं माझ्या मानापायी गेली."

राजाने पट्टी परत घेतली. त्या दिवसापासून त्या राज्यात घोड्याच्या नाकावर कुणी काही बांधलं नाही.

तात्पर्य: जे अंग ज्या कामासाठी घडलं आहे, ते त्या कामाला मोकळं ठेवावं, श्वास अडवणारा मान हा मान नव्हे, फास आहे.