गोबऱ्याचं बीळ आणि येसूमाय

आमच्या कातळबंदरला धक्का नव्हता, किनाऱ्यावर चार झोपड्या आणि बाकी नुसता वारा होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथे येसूमाय राहायची. नवरा समुद्राने नेलेला, पदरात एकच लेक, द्वारकी. गावातल्या बाकीच्या बायका मासे विकत. गळ घेऊन खडकावर बसणारी बाई ही एकटीच.

गावाच्या टोकाला काळा खडक आहे, भरतीला बुडतो. त्यात एक बीळ, आणि बिळात गोबरा, म्हणजे जाड ओठांचा, ठिपक्याठिपक्यांचा मासा. येसूमाय मुठीएवढी कुर्ली, म्हणजे खेकडा, फोडून गळाला लावायची. गोबरा गळ घेऊन बिळात शिरला, की दोरी सैल सोडून पानाची चंची उघडायची. ओढलं की तो कल्ले फुगवून दगडात घट्ट बसतो. सोडलं की आपला आपण बाहेर येतो. एक काढला, की महिन्याभरात दुसरा तिथे राहायला येई. त्या बिळाने तिची चूल वीस वर्षं पेटवली, असं म्हणतात.

द्वारकीचं लग्न झालं आणि जावई धाकू पहिल्यांदा सासुरवाडीला आला. मोठ्या बंदरातला, जाळ्यावर वाढलेला गडी. सकाळच्या ओहोटीला तोही सासूबरोबर खडकावर गेला. गोबरा लागला, बिळात गेला. येसूमायने दोरी सोडली आणि पानाला चुना लावायला घेतला.

धाकूला राहवेना. "एका माशासाठी किती बसतलात, आये? आमच्याकडे एका जाळ्यात होडी भरता!"

"भरू दे हो. ह्यो आपल्या पायान येतलो."

"माशाक पाय?" म्हणून तो हसला आणि पाण्यात उतरला. खांद्यापर्यंत हात बिळात घातला, माशाच्या कल्ल्यात बोटं रुतवली. गोबरा फुगला. मासा आणि दगड यांच्यामध्ये हात अडकला तो अडकलाच.

तोवर पाणी फिरलं होतं, भरती लागली होती.

गडी धावले. धाकूच्या कमरेला दोर बांधून त्यांनी ओढलं, तसं खांद्याचं कातडं सोललं. पाणी छातीला आलं. किनाऱ्यावर द्वारकी ऊर बडवत होती. एकजण कोयता घेऊन आला, म्हणाला, हात गेला तरी जीव राहील.

येसूमाय आडवी उभी राहिली. "ओढू नकात रे! जितक्या ओढशात, तितको तो फुगतलो!"

ती पाण्यात उतरली, गळाची दोरी दातांनी तोडली आणि बिळाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुझा घर तुका. माझ्या द्वारकीचो घोव माका दी. हय परत गळ टाकूचंय नाय."

मग जावयाला म्हणाली, "बापूनू, बोटां सैल सोडा."

"सोडलंय तर तो जातलो!"

"जाऊ दे त्येका."

पाणी हनुवटीला लागलं, तेव्हा कुठे धाकूने मूठ उघडली. आणि असं म्हणतात, की त्या क्षणी अख्खी भरती थांबली. वासराएवढा गोबरा बाहेर आला, ओठात गळ तसाच. येसूमायभोवती त्याने एक फेरी मारली आणि तो परत आत गेला. तिच्या हातचं पान खाऊन गेला असंही काही म्हातारे सांगतात. आता पान खाल्लं की नाही ते त्या दोघांनाच ठाऊक.

हात सुटला. दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली.

पुढे येसूमाय कोसभर चालून पलीकडच्या खडकावर बसायची. तिथे बोटाएवढे मासे लागत. कुणी हळहळलं, तर म्हणायची, "द्वारकी हसता मा? मग झाला."

अजूनही नारळी पुनवेला, समुद्राला नारळ दिला की, गावचा सगळ्यांत नवा जावई ओहोटीला काळ्या खडकावर जातो. हातात जिवंत कुर्ली, गळ नाही, दोरी नाही. कुर्ली बिळात सोडून तो तिथेच बसतो. लवकर उठायला लागला, तर सासू मागून म्हणते, "बसा बापूनू, घाई कसली?"

आणि मासा आटतो त्या वर्षी, ज्याच्या घरी चूल पेटलेली नसते तो माणूससुद्धा गळ गुंडाळून त्या बिळाला वळसा घालतो आणि पलीकडच्या खडकापर्यंत चालत जातो.