मात न देणारं बाहुलं

फार पूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका खेड्यात एक कातारी राहत असे. लाटणी, भोवरे, पाळण्यावरच्या चिमण्या असं काहीबाही कातून तो विके. घरात तो एकटाच. बोलायला कुणी नाही आणि भांडायलाही नाही. त्यात त्याला नाद बुद्धिबळाचा! आता हा खेळ एकट्याने खेळायचा कसा? पटाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच बसून बसून तो कंटाळला, आणि शेवटी त्याने खेळणारं एक लाकडी बाहुलं बनवलं. त्याच्या पोटात चाकं, खुंट्या आणि दोरे होते. समोरच्याने चाल केली, की आत खुटखुट होई आणि बाहुलं हात उचलून आपली चाल करी.

राजधानीत दर वर्षी अशा खेळणाऱ्या बाहुल्यांची जत्रा भरे. मोठमोठ्या यंत्रशाळांची पितळी बाहुली तिथे येत. एकेका बाहुल्यामागे दहा-दहा कारागीर राबत. काताऱ्याच्या बाहुल्यामागे फक्त कातारी.

जत्रेची एक रीत होती. ज्याच्या बाहुल्याने एक तरी डाव जिंकला, त्याला दुपारी कारागिरांच्या पंगतीत पान मिळे. काताऱ्याला बक्षीस नको होतं, त्याला ते पान हवं होतं. चार जाणत्या माणसांत बसावं, आणि कुणीतरी भात कालवता कालवता विचारावं, "अहो, तो उंट तुम्ही मागे का हो घेतलात?" एवढीच त्याची हौस.

पण दर वर्षी बाहुलं हरे. कातारी त्याला पाठीवर बांधून घरी आणी, त्याचं पोट उघडून आणखी एक खुंटी ठोके आणि म्हणे, "पुढच्या वेळी जरा उशिरा हर, बाबा." असं करत करत बाहुलं फार छान हरायला शिकलं. मात टाळायची कशी, लांबवायची कशी, सगळं त्याला येई. मात द्यायची संधी आली तर ती हातची जाऊ द्यायची नाही, हेही त्याने शिकवलं होतं. संधी आली की लगेच द्यायची, हे मात्र शिकवायचं राहून गेलं. तशी वेळ येईल असं त्या भल्या माणसाला वाटलंच नव्हतं.

एका वर्षी ती वेळ आली. समोर खुद्द राजाच्या यंत्रशाळेचं बाहुलं होतं. त्या यंत्रशाळेच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांच्या पितळी बाहुल्याने हावरेपणाने एक प्यादं खाल्लं आणि त्याचा राजा कोपऱ्यात सापडला. काताऱ्याच्या हत्तीने एक घर पुढे सरकायचं, की मात!

मंडपात गलका झाला. "दे मात! दे!"

आत खुटखुट झाली. बाहुल्याने हत्ती उचलला आणि बाजूला सरकवला. मात पुढच्या चालीलाही देता येत होती ना! त्याच्या लेखी आज काय नि उद्या काय, सारखंच. पितळी बाहुल्याचा राजा एक घर सरकला. हत्ती परत जागेवर आला, राजाही आला. पुन्हा तसंच. नियमाप्रमाणे काताऱ्याला बाहुल्याला हात लावता येत नव्हता. तो घामाने भिजून नुसता बघत राहिला. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली, आणि पंचांनी घंटा वाजवली. तीच मांडणी तीनदा आली, की नियमाने डाव बरोबरीत.

लोक पोट धरधरून हसले. थोरल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून काताऱ्याजवळ आल्या.

"आज आम्ही हरलोच होतो," त्या म्हणाल्या. "पंगतीला चला. माझ्या शेजारी बसा. मला तुमच्या बाहुल्याबद्दल खूप विचारायचंय."

"नको बाई. जिंकलो कुठे मी?"

"मी बोलावतेय ना!"

"पुढच्या वर्षी येईन. जिंकून येईन," कातारी म्हणाला, आणि बाहुलं पाठीला बांधून चालू लागला.

वेशीबाहेर नदीवर पाणी पिता पिता त्याच्या डोक्यात उजेड पडला. ज्यासाठी आपण इतकी वर्षं आलो, ते आज कुणीतरी आपणहून पुढे केलं होतं, आणि आपण ते पुढच्या वर्षावर ढकलून निघालो. बाहुल्याला हे पुढे ढकलणं कुणी शिकवलं, ते त्याला त्या क्षणी कळलं. तो तसाच उलट्या पावली धावला.

मंडपात कुणी नव्हतं. एक बाई उष्टी काढून शेणगोळा फिरवत होती.

"पंगत?" धापा टाकत त्याने विचारलं.

"उठली की आत्ताच. थोरल्या बाईंनी शेजारी एक पान वाढून ठेवायला लावलं होतं. ताकभात होईस्तोवर वाटेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, गाईला घाला." बाईने वर पाहिलं. "ते पान तुमच्या ओळखीच्या कुणाचं होतं का हो?"

"होतं," कातारी म्हणाला. त्या ओल्या जमिनीवर तो मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

या गोष्टीचं तात्पर्य असं: हरण्याची इतकी सवय लावून घेऊ नये, की हवं ते समोर येऊन उभं राहिलं तरी हात पुढे होऊ नये.