मुरमात बसलेलं पिल्लू

माळावर अजून पक्का रस्ता आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथे धाविक नावाची लांब पायांची पक्षीण आपल्या एकुलत्या पिल्लाला घेऊन राहत होती. पिल्लाचा रंग थेट मुरमासारखा होता. "धोका दिसला की हलायचं नाही," एवढंच तिनं त्याला शिकवलं होतं, कारण तिच्या आईनंही तिला तेवढंच शिकवलं होतं.

एके सकाळी एक पिवळं यंत्र आलं आणि माती बाजूला ढकलून मुरूम उपसू लागलं. गवत मुळांसकट उलटलं. मुंग्या तोंडात अंडी धरून पळत सुटल्या.

"धाविकताई, लेकराला घे आणि चल," शेजारचा ससा म्हणाला.

"ससेभाऊ, तुम्हाला उठसूट पळायचीच सवय! माझं लेकरू कोल्ह्याच्या नाकासमोर बसून राहिलंय. दिसलं का त्याला?"

"अगं, कोल्हा शोधत होता. हे काहीच शोधत नाही. समोर येईल ते उचलतं."

धाविकेला ते पटलं नाही. पण लोखंडी पंजानं पिल्लाच्या शेजारची जमीन उचलली, तेव्हा ती किंचाळली, "पळ रे बाळा, पळ!"

पिल्लानं हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. आई घाबरली आहे, एवढंच त्याला कळलं. ते मान खाली घालून आणखी गच्च बसलं.

संध्याकाळी यंत्र गेलं. धाविक खड्ड्याच्या कडेनं हाका मारत फिरली. खाली नुसता उघडा कातळ होता.