हिरवीची पिल्ले

फार जुन्या काळी डोंगरावरचा शिंगवाला सरडा तुरबा आणि करवंदीच्या जाळीतली बिनशिंगांची सरडी हिरवी यांनी संसार मांडला. म्हातारे कासव मायेने म्हणाले, “सुखाने नांदा, पण तुमची घडणच वेगळी. अंडी फुटायची नाहीत, बाळांनो.”

तसेच झाले. अंडी मातीतच वाळली. हिरवी कितीतरी दिवस फांदीवरून खाली उतरली नाही.

एके दिवशी शेजारच्या सरडीला ससाण्याने उचलले आणि तिच्या अंड्यांकडे मुंग्यांची रांग निघाली. ते पाहून तुरबा आणि हिरवी धावली. अंडी फुटेपर्यंत मुंग्या टिपत तिथेच बसून राहिली.

शेवटी पिल्ले बाहेर आली. कासवाने विचारले, “कोणावर गेलीत गं?”

“रूप त्यांच्या आईचं आहे,” हिरवी म्हणाली, “पण भूक लागली की हाक मला मारतात.”