गळाआधीचा चारा

एकदा एक तरुण आई गळाने मासे धरण्याची विद्या शिकावी म्हणून तळ्याकाठच्या एका वृद्धाकडे गेली. नवरा परगावी, घरात खाणारी तोंडं, आणि बोटाला धरलेली चार वर्षांची लेक, ठकू. वृद्ध मोठा जाणता होता. कटला कधी वर येतो, रोहू कुठे चरतो, हे तो पाण्याकडे नुसतं बघून सांगे. गुडघे मात्र पार गेलेले. घाटाची एक पायरीही त्याला उतरवत नसे. दिवसभर तो वरच्या बांधावरच बसून राही.

पहिल्याच दिवशी तिने बांबूची काठी उचलली, तसा वृद्ध म्हणाला, "ठेव ती खाली. आधी चारा, मग गळ."

शेंगदाण्याची पेंड, भाजलेली कणीक आणि गूळ एकत्र मळून तिने गोळे केले. ते रोज त्याच वेळी, त्याच जागी पाण्यात सोडायचे आणि मासे येतात का ते बघत बसायचं. गळ नाही, दोरी नाही. लवकरच ती कंटाळली.

"बाबा, कुणाचं बारसं आहे का खाली? रोज आपली जेवणावळ!"

वृद्ध हसला. "जेवू दे गं. मासा भुकेने गळाला लागत नाही, पोरी, विश्वासाने लागतो. काल खाल्लं, काही झालं नाही; मग आज काय होणार, असं त्याला वाटलं पाहिजे."

ती पाण्याकडे बघत असे तेव्हा ठकू बाजूच्या जुन्या घाटावर खेळत असे. त्या घाटावर कधी बगळा उतरत नाही, हे आईने पाहिलं होतं. पण मनावर घेतलं नव्हतं. एके दिवशी ठकू ओंजळभर जांभळं घेऊन आली. टपोरी, गार, ओली.

"कुणी दिली गं?"

"पायरीवर होती."

बाबांनीच ठेवली असतील, असं म्हणून आईने तिचं तोंड पुसलं. म्हाताऱ्या माणसाची माया. विचारलं तर उगाच संकोचतील. दुसऱ्या दिवशीही जांभळं आली. तिसऱ्याही. "आज अजून खालच्या पायरीवर होती," ठकू म्हणाली. आई नुसती "हं" म्हणाली, कारण तेवढ्यात चाऱ्याच्या जागी बुडबुड्यांची रांग उठली होती.

अखेर वृद्ध म्हणाला, "आज गळ लाव."

पेंडीच्या गोळ्यात काटा लपला. बांधावर वृद्धाशेजारी बसून तिने गळ टाकला, आणि दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली. वारा एकदम पडला. ठकूने वृद्धाला जीभ काढून वेडावलं आणि घाटाकडे पळाली. वृद्ध काहीतरी बोलला. पुन्हा मोठ्याने बोलला. आईला ऐकू आलं नाही. काडी थरथरली, तिरपी झाली आणि दिसेनाशी झाली. काठी कमानीसारखी वाकली. केवढा मासा! घरादाराला पुरून उरेल एवढा!

तोच वृद्धाने कमरेचा विळा काढला आणि ताणलेली दोरी कापून टाकली.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला? हातातला मासा..."

"लेकीकडे बघ!"

ठकू शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी होती. पुढे पायरी नव्हती. तिच्या हातापासून बोटभर अंतरावर पानांचा एक द्रोण तरंगत होता, जांभळांनी भरलेला.

आई कशी धावली ते तिलाच कळलं नाही. तिने लेकीला खसकन मागे ओढलं. "माझी जांभळं!" ठकूने भोकाड पसरलं. द्रोण क्षणभर तिथेच थांबला. मग वारा नसताना हळूच वळला, खोल पाण्याकडे सरकला आणि मासा लागल्यावर काडी जाते तसा एका दमात खाली गेला.

लेकीला कवटाळून आई बांधावर आली. "बाबा, ती जांभळं... तुम्हीच ठेवत होता ना?"

"मी पायरी उतरतो का, पोरी?" वृद्ध शांतपणे म्हणाला. "आणि हा पौष आहे. या दिवसांत जांभूळ कुठल्या झाडाला असतं? मला आज तिची जांभळी जीभ दिसली तेव्हा कळलं. दोन हाका मारल्या, पण तुझी नजर त्या काडीत अडकली होती. आपण माशाला खाऊ घालत होतो, तेव्हा खालूनही कुणीतरी खाऊ घालत होतं. रोज त्याच वेळी, रोज थोडं जवळ. चारा टाकणाऱ्याचा काटा पहिल्या दिवशी नसतो, म्हणून तो दिसत नाही."

"पण खाली आहे तरी कोण?"

वृद्धाने पाण्याकडे पाहिलं. "ते मीही विचारत नाही. तू मात्र पहिल्याच दिवशी मला विचारायला हवं होतंस."

आईने खाली मान घातली. उरलेले पेंडीचे गोळे तिने बांधावर चरणाऱ्या एका गाईपुढे टाकले आणि लेकीला घेऊन घरी गेली. ठकूच्या जिभेचा जांभळा रंग पुढे कितीतरी दिवस उतरला नाही.

आपल्या लेकराच्या हातात रोज गोड येत असेल, तर देणारा कोण, हे पहिल्या घासालाच विचारावं. मग कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.