सोडलेले अकरा चिरे

"हे अकरा चिरे कित्याक सोडूचे गो?"

मी हे विचारलं तेव्हा ताई खाडीच्या चिखलात उभी होती आणि मी भिंतीचा पहिला थर लावत होतो.

"तू सोड रे. मगे सांगतंय," ती म्हणाली.

तिनं सांगितलं नाही. आषाढात तिला ताप आला आणि आठव्या दिवशी ती गेली. एकोणतीस वर्षांची होती.

माझी बहीण, विशाखा खोबरेकर, आर्किटेक्ट होती. मी सातवीत शाळा सोडली आणि गवंडी झालो. ती कोल्हापुरात सहा वर्षं दुसऱ्यांचे बंगले काढत होती. मग नोकरी सोडून गावी आली. खाडीच्या काठावर मासळी विकणाऱ्या बायका उन्हापावसात बसायच्या. त्यांच्यासाठी मच्छीमार सोसायटीनं तिला शेड बांधायला दिली.

ते तिचं पहिलं काम. नकाशाच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच फक्त तिचं नाव होतं.

कौलारू छप्पर. बसायला उंच कट्टे. एका टोकाला होड्यांकडून यायच्या पायऱ्या. खाडीच्या बाजूला कमरेएवढी भिंत, लाल चिऱ्याची. त्या भिंतीच्या सगळ्यात खालच्या थरात दोन चिरे लावायचे आणि तिसरा सोडायचा. असे अकरा सोडलेले.

ती सांगेल तसं मी बांधलं.

ती गेल्यावर सोळाव्या दिवशी अमावास्येचं उधाण आलं. त्या अकरा रिकाम्या जागांतून घोट्याएवढं पाणी सरळ शेडमध्ये शिरलं. बायकांनी टोपल्या उचलून कट्ट्यावर ठेवल्या.

सत्यवती काकी साडी वर खोचत ओरडली, "काय रे हेम्या! बसूची जागा केलंस काय न्हावची?"

सगळ्या हसल्या. मग मी कोण आणि शेड कुणाची हे त्यांच्या लक्षात आलं. सगळ्या एकदम गप्प झाल्या.

हसत राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात सोसायटीची सभा झाली. अध्यक्ष दाजी तांडेल म्हणाले, "पोरगी हुशार होती, ह्याच्यात वाद नाय. पण चुकली. माणूस चुकता."

मी उठून त्यांची कॉलर धरली. वरचं बटण तुटून पडलं. चौघांनी मला ओढून बाजूला केलं. दाजींनी बटण खिशात टाकलं आणि शांतपणे म्हणाले, "पुनवेच्या उधाणाआधी ती बुराका बुजव. नायतर आमी भिंत पाडतलो."

मी नकाशा घेऊन हिंडलो. तालुक्याच्या इंजिनीअरनं तो उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "यात कारण लिहिलेलं नाही." ताईच्या कोल्हापूरच्या मैत्रिणीला फोन केला. ती रडायला लागली. आईला विचारलं. आईनं डोळे मिटून घेतले.

एकच माणूस उरला होता.

तातू मेस्त खाडीच्या वळणावर होड्या बांधतात. वय ऐंशीच्या पुढं. ताई आदल्या वर्षी त्यांच्या मांगरात, होड्या बांधायच्या छपराखाली, आठ दिवस वही घेऊन बसली होती. घरी येऊन म्हणाली होती, "कॉलेजात पाच वर्षा शिकलंय. आता शाळेत जातंय."

मी गेलो तेव्हा मेस्त एका होडीवरचे माडाच्या झावळ्यांचे झाप काढत होते. चार महिने होडी झापांखाली कोरडी पडून होती.

"मेस्तांनू, ताईनं अकरा चिरे सोडल्यान. कित्याक?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"तिका म्हायत होता काय, पाणी आत येतला तां?"

मेस्तांनी आणखी एक झाप ओढून बाजूला टाकला.

"तुमच्याकडे शिकली ती. तुमी सांगा."

"माझ्याकडे खय शिकली," मेस्त म्हणाले. "हय बसली. आठ दिस. भरतेक सगळे येतत खाडी बघूक. तुझी भैण ओहोटीक इली."

"म्हणजे?"

"होडी लोट."

आम्ही होडी पाण्यात लोटली. दोरी खुंट्याला बांधली. लगेच फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. आधी थेंब थेंब, मग बारीक धारा.

"मेस्तांनू, पाणी येतासा!"

"येवंदे."

मी होडीत उडी मारली. पत्र्याचा डबा घेऊन उपसायला लागलो. मी एक डबा काढला की दोन डबे आत येत होते. मेस्त काठावर बसून पान जमवत होते.

"बुडतली ही!"

"बुडांदे."

माझे हात भरून आले तेव्हा मी थांबलो. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. होडी माझ्यासकट हळूहळू खाली बसली. फक्त काठ वर राहिले.

"तीन दिसांनी ये," मेस्त म्हणाले.

"माका येळ नाय. पुनव इली."

"मगे येव नको."

तीन दिवसांनी मी गेलो. आम्ही दोघांनी होडी उपसली. मी तळाला हात फिरवला. वाट पाहिली. पुन्हा हात फिरवला. बाहेरून एक थेंब आला नाही. पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट बसल्या होत्या.

"बघलंस?" मेस्तांनी विचारलं.

"बघलंय."

"काय बघलंस?"

"फटी बुजल्यो. चांगली वस्तू फट ठेवणा नाय. तायेच्या भिंतीचा पण तसाच होता. तिना ती पुढे बुजवची ठेवल्यान. मधे ताप इलो, म्हणून रवली. आता माका समाजला. मी बुजवतंय."

मेस्त माझ्याकडं पाहत राहिले.

काही बोलले नाहीत.

त्या गप्प राहण्याला मी होकार समजलो. पळतच घरी आलो.

दोन दिवस मी राबलो. अकरा चिरे तासून घेतले, सिमेंटात बसवले, सांधे असे भरले की नख शिरणार नाही. नवा चिरा कुठला आणि जुना कुठला हे ओळखू येत नव्हतं. दाजी तांडेल येऊन बघून गेले. "आता झाला पुरा काम," म्हणाले. मला बरं वाटलं. मी बटणाबद्दल माफी मागितली. चुकली नव्हती ती. तिचं काम अर्धं राहिलं होतं, आणि ते मी पुरं केलं होतं. तसं मी आईलाही सांगितलं.

पुनवेला दुपारी अमावास्येपेक्षा मोठं उधाण आलं. वाराही होता.

भिंतीपाशी पाणी अडलं. बायका वाकून बघायला लागल्या. सत्यवती काकी म्हणाली, "शाब्बास रे माझ्या गवंड्या!"

पाणी चढत राहिलं. मग ते पायऱ्यांकडून आलं. वरची पायरी बुडाली आणि पाणी एकदम आत पडलं. या वेळी घोट्याएवढं नव्हतं. गुडघ्याच्या वर होतं. चार टोपल्या उलटल्या. बांगडे तरंगायला लागले. कुणाची तरी चप्पल फिरत फिरत कोपऱ्यात गेली.

"जातला, जातला," मी ओरडत होतो. "ओहोटी लागांदे!"

ओहोटी लागली. खाडी उतरली. पायऱ्या उघड्या पडल्या, त्यांच्याखालचा चिखल उघडा पडला, चिखलात कुर्ल्या फिरायला लागल्या.

शेड तशीच भरलेली होती.

पायऱ्यांचा उंबरा जमिनीपेक्षा दीड हात उंच होता. जमिनीचा उतार खाडीकडच्या भिंतीकडं होता. ताईनंच तो तसा काढला होता, मीच तो दोरी लावून केला होता. सगळं पाणी माझ्या भिंतीला टेकून उभं होतं. गाळ खाली बसत होता. खवले, आतडी, पालापाचोळा वर.

बायका टोपल्या घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसल्या. पूर्वी बसायच्या तिथंच. हसलं कुणी नाही.

मी बादली घेतली. भिंतीवरून पाणी खाडीत फेकायला लागलो. किती बादल्या फेकल्या ते माहीत नाही. पाणी तेवढंच होतं.

"खय ओततंस तां?"

मेस्त आले होते. काठी टेकत पाण्यातून चालत आले आणि कट्ट्यावर बसले. पाय पाण्यातच सोडले.

"खाडयेत," मी म्हणालो.

"खाडी खय आसा?"

मी बादलीनंच भिंतीपलीकडं दाखवलं.

"मगे मधे काय आसा?"

मी बादली मारली भिंतीवर. कान तुटला तिचा.

"तुमी तेव्हा बोललात नाय कित्याक?" मी ओरडलो. "होडयेकडे सांगितलंय मी तुमका, बुजवतंय म्हणून! गप बसलात! आता सगळे म्हणतले, भैण चुकली, भाव पण चुकलो!"

"तू इचारलंस खय," मेस्त म्हणाले. "तू सांगितलंस."

मी बादलीचा तुटका कान पाण्यातून उचलला.

"हेम्या, होडयेत माणूस कित्याक बसता?"

"पलीकडे जावक."

"आणि हय?"

मी बाहेर बसलेल्या बायकांकडं पाहिलं. सत्यवती काकीनं पदर डोक्यावर घेतला होता. चाळीस वर्षं ती याच काठावर बसते.

"हय कोणाक खय जावचा नसता," मेस्त म्हणाले. "हय पाण्याबरोबर बसूचा असता."

त्यांनी काठीचं टोक पाण्यात घातलं आणि तळाचा गाळ ढवळला. काळा गाळ वर आला. तो कुठंच गेला नाही. पुन्हा तिथंच बसायला लागला.

"अमाशेक पाणी इला," ते म्हणाले. "घोट्याएवढा. तां तुमी सगळ्यांनी बघलात."

"होय."

"मगे तां खय गेला?"

मला आठवेना. मी खरंच आठवत होतो. टोपल्या वर ठेवल्या, काकी बोलली, सगळ्या हसल्या, गप्प झाल्या. मी रागानं निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा जमीन धुतल्यासारखी होती. एक खवला नव्हता. मला वाटलं, बायकांनी झाडली असेल.

त्या दिवशी कुणीच झाडली नव्हती.

मी पहार आणली.

पहिला चिरा निघायला वेळ लागला, कारण मी चांगला बसवला होता. सांध्यात पहार घालून तीनदा, चारदा हाणली. चिरा हलला. मग पाण्यानंच त्याला बाहेर ढकललं. धार सुटली. तिच्यात गाळ गेला, खवले गेले, माझं सिमेंट गेलं.

दुसरा. तिसरा. पाचव्याला पहार निसटून माझा अंगठा फुटला. मी थांबलो नाही. बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. काकीनं खराटा घेतला आणि पाणी माझ्याकडं लोटायला लागली.

अकरावा निघाला तेव्हा ती चप्पल गर्रकन फिरली आणि त्यातून बाहेर गेली. कुणीतरी ओरडलं, "माझी गो चप्पल!" आणि सगळ्या हसल्या. काकी हसली. यावेळी मध्येच कुणी थांबलं नाही.

मी खाली बसलो. समोर अकरा वाटांनी पाणी जात होतं. मला वाटलं की मी गप्प आहे. पण काकीनं येऊन माझं डोकं धरलं, तेव्हा माझ्याच घशातून येणारा आवाज मला ऐकू आला. ताई गेल्यापासून मी रडलो नव्हतो. दाजींची कॉलर धरली होती, रडलो नव्हतो.

मेस्त बसून होते.

दिवस कलला. पहारीनं तोडलेल्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. बायका तिथं हात घालून अडकलेला पालापाचोळा काढणार, हात कापतील, म्हणून मी एक तुटका चिरा घेतला आणि त्यानं एकेक कड घासायला बसलो. लाल भुकटी पाण्याबरोबर वाहत होती. अकराही जागा घासल्या. बोट फिरवून पाहिलं, कुठं लागत नव्हतं.

ताईसाठी मी केलेलं ते शेवटचं काम.

मी उठलो. जमीन स्वच्छ, ओली होती. बाहेर खाडी पार लांब गेली होती.

"मेस्तांनू," मी डोळे पुसत म्हणालो, "झाला. गेला सगळा पाणी."

मेस्तांनी काठी उचलली. ओल्या जमिनीवरून हळूहळू पायऱ्यांपर्यंत गेले. तिथं थांबून वळले.

"रातीक परत येतला."