खरकट्याचा जाळ

फार पूर्वी, डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या एका गावात एक कुंभार राहत होता. त्या गावातला धूर बाहेर जातच नसे. चुलीपुढे बसून बसून बायकांचे डोळे जात. कुंभाराच्या आईचेही गेले होते.

कुंभार जिद्दी होता. त्याने खरकटं बंद मडक्यात भाजून त्याची काळी पूड केली. ती पाण्यात कालवून उन्हात ठेवली की बुडबुडे येत. ती हवा कातडी पिशवीत भरून पेटवली, तर धुराचा मागमूस नाही! वर धरलेल्या ताटलीवर नुसते पाण्याचे थेंब.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. लाकूड जाळायला बंदी झाली. मग कुंभाराने नियम केला, "जेवढं खरकटं आणाल, तेवढा जाळ न्याल." सगळ्यांना तो न्यायाचा वाटला.

हळूहळू मोठ्या घरांत मुद्दाम जास्त रांधू लागले. "पानात टाकू नकोस" म्हणून दटावणाऱ्या आयाच आता "राहू दे तसंच, ऊठ" म्हणू लागल्या. काय म्हणावं या माणसांना!

एक दिवस गावाच्या कडेला राहणारी एक विधवा रिकामी टोपली घेऊन आली.

"दादा, थोडा जाळ द्या. पोरगी तापानं फणफणलीय, तिला पेज करायचीय."

"खरकटं कुठंय?"

"आम्ही ताट पुसून खातो. उरतच नाही काही."

कुंभाराच्या मागे भरलेल्या पिशव्या टांगल्या होत्या. एक दिली असती, तर त्याचं काही बिघडलं नसतं. पण रांगेतली माणसं बघत होती.

"तुला दिलं, तर उद्या सगळेच हात हलवत येतील. नियम म्हणजे नियम, बाई."

दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या मूठभर तांदळातले अर्धे भिजवून खरकटं म्हणून आणले. कुंभाराने ते घेतले आणि जाळ दिला. पेज शिजली, पण तोवर मुलीचे ओठ कायमचे मिटले होते.

संध्याकाळी विधवा पुन्हा आली. तिने टोपलीतून पेजेची वाटी काढून कुंभारापुढे ठेवली.

"घ्या दादा. आज आमच्याही घरी उरलं."

"काय आणलंय रे तिनं?" आतून आंधळ्या आईने विचारलं.

कुंभाराने नियम मोडला. रोज तो स्वतः तिच्या दारात जाळाची पिशवी ठेवून येई. दुसऱ्या दिवशी ती तशीच भरलेली असे.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: नासाडी करणाऱ्याला भरभरून देणारा आणि पुरवून खाणाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवणारा नियम सगळ्यांना सारखा असला, तरी तो न्याय नव्हे.